व्हीएमवेअर सोडल्यावर काय? सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. टेरी टॉवेल आणि नॅपकिन. माग, डाइंग, शिलाई, पॅकिंग सगळं एकाच आवारात, आणि बराचसा माल परदेशी जातो. कंपनी कागदावर प्रायव्हेट लिमिटेड, कारभार मात्र घरचा. वर अण्णा, हाताशी इंजिनिअर झालेला धाकटा मुलगा, आणि जुने दिवाणजी, ज्यांच्या सहीशिवाय गेटबाहेर कागद जात नाही. कॉम्प्युटरवर बसणारी माणसं तीसेक. आयटीचा वेगळा माणूस नाही, काही अडलं की कुणाला तरी फोन. नाव छापायचं नाही ही अण्णांची अट आहे, ती पाळतो.

जुनी मांडणी अशी होती. एक टॉवर सर्व्हर २०१४ च्या सुमाराचा. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ थेट बसवलेला, आणि त्यात टॅली व सगळ्या ऑफिसच्या फाइली. दुसरा सर्व्हर नंतर घेतलेला. त्यावर तेव्हाच्या व्हेंडरने व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय ६.५ ची फुकट आवृत्ती टाकून (हा हायपरव्हायझर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) दोन व्हर्च्युअल मशीन उभी केली होती: एकात ईआरपी (लॉट, उत्पादन, डिस्पॅच यांचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याचा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस हा फुकट डेटाबेस, दुसऱ्यात हजेरीच्या बोटाच्या मशीनचं सॉफ्टवेअर. जकार्डची, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं डिझायनरच्या टेबलाखालच्या पीसीत. ईएसएक्सआय ६.५ चा सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपला होता, २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला. हे कुणालाही माहीत नव्हतं, कारण दोन्ही मशीन रोज सकाळी चालू असायची.

२०२५ च्या उन्हाळ्यात ईआरपीच्या सर्व्हरमधली एक डिस्क गेली. म्हणजे ती तेव्हा गेली नव्हती, आधीच गेलेली होती. पिवळा दिवा कधीपासून लागला होता ते कुणालाच सांगता येईना. रेड ५ मध्ये (डेटा अनेक डिस्कांवर वाटून ठेवायची पद्धत) एक डिस्क गेली तरी काम चालतं, म्हणून चाललं. नवी डिस्क घालून रीबिल्ड सुरू केल्यावर उरलेल्यांतली एक वाचताना अडखळायला लागली आणि सगळा ॲरे, म्हणजे डिस्कांचा पूर्ण संच, बसला. ईआरपीचा बॅकअप रोज होत होता, पण त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कांवर. बाहेर निघालेली शेवटची प्रत म्हणजे मार्चअखेरला ऑडिटसाठी सीएंना दिलेली.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात. टॅली दुसऱ्या मशीनवर होतं, ते वाचलं. ई-इन्व्हॉइस सरकारी पोर्टलवरून परत काढता आले, ई-वे बिलंही. पण लॉटचा हिशोब, कुठलं बीम कुठल्या मागावर, डाइंगला किती किलो गेलं, हे सगळं चलनांच्या गठ्ठ्यांतून पुन्हा भरावं लागलं. न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनरची पॅकिंग लिस्ट हाताने लिहिली गेली. त्यानंतर अण्णांकडे कोटेशनं जमा झाली, आणि ती वाचायला त्यांनी मला बोलावलं.

कोटेशनं तीन होती. पहिलं भारी: दोन नवे सर्व्हर, एक सामाईक स्टोरेज, त्यावर व्हीएमवेअर, तीन वर्षांचं सबस्क्रिप्शन. दुसरं एकाच सर्व्हरचं, विंडोज आणि त्यातलाच मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर हायपर-व्ही. तिसरं सगळं क्लाउडवर न्यायचं. धाकट्या मालकांचा कल पहिल्याकडे होता, कारण त्यात ‘एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा आपोआप उचलेल’ असं लिहिलं होतं. अण्णांचा कल कुठेच नव्हता. त्यांचा प्रश्न एवढाच होता की मागच्या वेळीही दोन सर्व्हर होते, मग?

आधी टेबलाटेबलावर

कोटेशनं बाजूला ठेवून मी प्रत्येक टेबलावर दोनच गोष्टी विचारल्या. हे बंद पडलं तर किती वेळ चालेल? आणि किती वेळाचं काम पुन्हा करायला लागलं तर चालेल? या दोन आकड्यांशिवाय कुठलाही हायपरव्हायझर निवडणं म्हणजे पन्ह्याचं माप न घेता ताणा भरणं.

दिवाणजी म्हणाले, एक दिवसाची व्हाउचरं पुन्हा टाकू, कागद असतो. फक्त महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास नको. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी, ही जीएसटीची विवरणपत्रं. डिस्पॅचचं उत्तर वेगळं. गाडी दारात उभी असेल तर दोन-तीन तासांपलीकडे जमणार नाही. हजेरीचं मला वाटलं होतं त्याच्या उलट निघालं. बोटाचं मशीन पंच स्वतःच्या मेमरीत साठवतं, सर्व्हर नंतर ओढून घेतो, म्हणजे पगाराचा दिवस सोडला तर तो चार दिवस बंद असला तरी कुणाला कळणार नाही. डिझायनरला थांबायला हरकत नव्हती, पण एकही डिझाइन जाता कामा नये. काही डिझाइनं ग्राहकाने मंजूर केलेली आणि दरवर्षी रिपीट होणारी.

यातून हिशोब निघाला: जास्तीत जास्त एक तासाचं काम गमावलं तर चालेल, आणि अर्ध्या दिवसाच्या आत सगळं पुन्हा उभं राहिलं पाहिजे. बँकेसारखं सेकंदासेकंदाचं काही नाही. हा आकडा हातात आल्यावर पहिल्या कोटेशनचा अर्धा भाग आपोआप गळाला.

व्हीएमवेअर का नाही

माल वाईट म्हणून नव्हे. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेण्याचा व्यवहार २२ नोव्हेंबर २०२३ ला पूर्ण झाला, आणि त्याच डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं. तेव्हापासून सबस्क्रिप्शन, तेही कोअरच्या मापाने, आणि एका प्रोसेसरला किमान १६ कोअरचं बिल. या कारखान्याला ८ कोअर पुरतात. उरलेल्या ८ चं भाडं दरवर्षी कशासाठी भरायचं? फुकट ईएसएक्सआय २०२४ च्या फेब्रुवारीत बंद केलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये ८.० च्या एका अपडेटबरोबर ते परत आलं, आणि धाकट्या मालकांनी ती बातमी मला लगेच पाठवली. पण फुकट आवृत्तीची जुनी मेख तशीच आहे: बॅकअपची सॉफ्टवेअरं ज्या दारातून व्हर्च्युअल मशीनची प्रत काढतात, ते दार तिच्यात बंद असतं. जुन्या सर्व्हरचा बॅकअप त्याच डिस्कवर पडत राहिला त्यामागे हेही एक कारण होतंच. बाहेरून प्रत ओढणारं साधन तिथे लागूच पडत नव्हतं.

आणि ती ‘आपोआप उचलेल’वाली मांडणी. दोन सर्व्हर, खाली एकच स्टोरेज. सर्व्हर गेला तर दुसरा उचलतो हे खरं. स्टोरेज गेलं तर दोन्ही बसतात. मे महिन्यात गेली होती ती डिस्कच. शिवाय कुणी फोल्डर पुसलं किंवा रॅन्समवेअरने सगळं कुलूपबंद केलं, तर तो घोळ दुसऱ्या सर्व्हरलाही त्याच क्षणी दिसतो. धाकट्या मालकांना हे पटायला वेळ लागला. त्यांच्या वाचनात क्लस्टर (एकत्र बांधलेले सर्व्हर) म्हणजे सुरक्षितता असं बसलं होतं, आणि जाहिरातीही तसंच सांगतात.

हायपर-व्ही: जवळजवळ घेतलंच होतं

या पर्यायावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि दुसऱ्या एखाद्या कारखान्यात मी हेच सुचवेन. सोलापुरात विंडोज जाणणारा मुलगा फोन केल्यावर तासाभरात येतो, लिनक्सवाला शोधावा लागतो. हायपर-व्हीत क्लस्टर न करताही एका सर्व्हरची नक्कल दुसऱ्यावर पाठवत राहण्याची सोय आहे, दर ३० सेकंदांनी, ५ मिनिटांनी किंवा १५ मिनिटांनी. वेगळा पैसा लागत नाही, कारण विंडोज सर्व्हर घ्यावाच लागणार होता.

विंडोजच्या परवान्याचं गणित सगळ्यांनाच घोळात टाकतं, म्हणून जरा सविस्तर. स्टँडर्डचा परवाना कोअरवर असतो, किमान १६ कोअर. त्या एका संचात त्या मशीनवर दोन व्हर्च्युअल विंडोज चालवता येतात. तिसरं हवं असेल तर पुन्हा सगळ्या कोअरचा संच. खाली हायपर-व्ही असो, प्रॉक्समॉक्स (लिनक्सवरचा मुक्त हायपरव्हायझर) असो की व्हीएमवेअर, आतल्या विंडोजचा हिशोब हाच राहतो. तीस जणांची कॅलही (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येकाचा परवाना) वेगळी. ‘प्रॉक्समॉक्स फुकट आहे म्हणून विंडोजचा खर्च वाचतो’ असं मी दोन ठिकाणी ऐकलं, ते साफ चूक आहे. परवाना लोखंडाला चिकटतो. सर्व्हरबरोबर आलेला ओईएम परवाना तर त्या मशीनबरोबरच संपतो. व्हॉल्यूम परवाना (मशीनशिवाय वेगळा घेतलेला) दुसऱ्या मशीनवर नेता येतो, पण मशीन कायमचं गेलं नसेल तर ९० दिवसांच्या आत पुन्हा हलवता येत नाही. म्हणजे आज पहिल्यावर, उद्या दुसऱ्यावर, परवा परत पहिल्यावर, हा खेळ एका परवान्यात बसत नाही.

म्हणून विंडोज दोनच ठेवायची असं ठरलं. एकात टॅली आणि ऑफिसच्या फाइली. दुसऱ्यात ईआरपी, आणि हजेरीचं सॉफ्टवेअरही त्यातच. डिझाइनच्या फाइलींसाठी लिनक्सचा छोटा कंटेनर (हलकं व्हर्च्युअल मशीनच) आणि त्यावर सांबा (विंडोजच्या पीसींना फाइली पुरवणारं सॉफ्टवेअर), त्याला विंडोज लागत नाही. दोन सर्व्हरसाठी स्टँडर्डचे दोन संच. दुसऱ्या संचावर अण्णांनी भुवया उंचावल्या: बंद पडून असलेल्या मशीनला परवाना कशाला? मी म्हटलं, ते मशीन बंद नसणार, महिन्यातून एकदा तालीम होणार, आणि तालमीत विंडोज चालू होणार. दिवाणजींनी मान हलवली, तेव्हा कुठे सही झाली.

मग हायपर-व्ही का राहिलं? एक म्हणजे बॅकअप. नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे, घोळाचीही नक्कल होते. एका दिवसापेक्षा जुन्या प्रती साठवायला वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागलं असतं, आणि त्याचं नूतनीकरण. दुसरं, डिझाइनच्या लिनक्सचा कंटेनर प्रॉक्समॉक्समध्ये जागच्या जागी बसतो. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. होस्ट, म्हणजे ज्यावर व्हर्च्युअल मशीन चालतात तो मूळ सर्व्हर, विंडोज असला की कुणीतरी त्यावर लॉगिन करून प्रिंटरचा ड्रायव्हर टाकतो. नंतर कुणीतरी क्रोम टाकतं. सहा महिन्यांनी तो सर्व्हर राहत नाही, ऑफिसचा एक पीसी होतो. हायपर-व्ही सर्व्हर नावाची फक्त हायपर-व्हीसाठीची फुकट आवृत्ती होती, तिने हा प्रश्न सुटला असता, पण ती २०१९ वरच थांबली. २०२२ ची निघालीच नाही.

क्लाउडचं कोटेशन मी लवकर बाजूला ठेवलं. मुंबईतल्या डेटा सेंटरपर्यंतचा वेग ठीक असतो, पण एमआयडीसीत पाइपलाइनसाठी रस्ता उकरला की फायबर तुटतं आणि दुरुस्त व्हायला दिवस जातो. गाडी दारात आणि ईआरपी मुंबईत, हे डिस्पॅचला चाललं नसतं.

शेवटी काय ठरलं

प्रॉक्समॉक्स व्हीई. व्हिएन्नाची कंपनी, पहिली आवृत्ती २००८ ची, खाली डेबियन लिनक्स आणि लिनक्समधलाच हायपरव्हायझर केव्हीएम. केव्हीएम स्वतः २००७ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे, म्हणजे कालपरवाचं काही नाही. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली, पैसे लागतात ते सपोर्टचे, तेही प्रोसेसरच्या सॉकेटवर, कोअरवर नाही. सगळ्यात खालची कम्युनिटी पातळी सॉकेटला वर्षाला शंभर-सव्वाशे युरोंच्या घरात. तिच्यात तिकीट टाकायची सोय नाही, पण जास्त तपासलेल्या अपडेटची रिपॉझिटरी (डाउनलोडचा साठा) मिळते. दोन सर्व्हर, प्रत्येकी एकच सॉकेट, दोन्हींना ती घेतली. काही जण ती न घेता लॉगिनच्या वेळी येणारी सूचना काढून टाकायच्या युक्त्या करतात. ज्या सर्व्हरवर पगार निघतो तिथे तेवढा खर्च करावा असं माझं मत आहे.

एक्ससीपी-एनजी या असल्याच आणखी एका मुक्त हायपरव्हायझरचाही विचार झाला, तेही चांगलं आहे. पण जवळपास विचारायला एकही माणूस सापडला नाही, तिथेच थांबलो.

क्लस्टर केला नाही. प्रॉक्समॉक्समध्ये दोन नोडचा (सर्व्हरचा) क्लस्टर करता येतो, पण मतांचं बहुमत लागतं. दोघांपैकी एक गेला की उरलेल्याकडे निम्मीच मतं, आणि तो नवीन काही सुरू करायला नकार देतो. तिसरं मत म्हणून एखादं छोटं मशीन ठेवता येतं, म्हणजे सांभाळायला तिसरी गोष्ट आली. रात्री फोन आला तर ते बहुमताचं राजकारण उकलणार कोण? म्हणून दोन स्वतंत्र सर्व्हर. पहिल्यावर सगळं चालतं. दुसऱ्यावर प्रॉक्समॉक्स व्हीई आणि त्याच्या शेजारीच प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर. दर तासाला पहिल्याची प्रत दुसऱ्याकडे जाते, फक्त बदललेले तुकडे, त्यामुळे काम हलकं असतं. पहिला गेला तर त्या प्रतीवरून दुसऱ्यावर व्हर्च्युअल मशीन उभं करायचं. लाइव्ह रिस्टोर नावाची सोय आहे, तिने मशीन आधी सुरू होतं आणि डेटा मागून येत राहतो.

पहिल्या सर्व्हरला बॅकअपवर टाकायचा अधिकार दिला, पुसायचा नाही. उद्या त्यात रॅन्समवेअर शिरलं तरी जुन्या प्रतींना हात लावता येणार नाही. तिसरी प्रत शहरात अण्णांच्या घरी, जिन्याखाली ठेवलेल्या एका जुन्या पीसीत. तो पीसी रात्री स्वतः कारखान्यातून प्रती ओढून घेतो, कारखान्याकडून त्याच्यात काही ढकलता येत नाही. प्रती कूटबद्ध आहेत. त्यांची किल्ली छापून दोन पाकिटांत, एक दिवाणजींच्या तिजोरीत, एक अण्णांच्या घरी. किल्ली हरवली तर सगळ्या प्रती रद्दी. ही तिसरी प्रत सीएंनाही आवडली. कंपनीची हिशोबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असला पाहिजे, असा ऑगस्ट २०२२ पासून कंपनी नियमांत बदल आहे. एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेलही (प्रत्येक बदलाची नोंद) सक्तीचा झाला. भागीदारी फर्मला हे लागू नाही, पण ही प्रायव्हेट लिमिटेड.

तूस आणि ऊन

सॉफ्टवेअरची चर्चा सगळे करतात. टॉवेलच्या कारखान्यात सर्व्हरचा खरा वैरी कापसाचं तूस असतं. जुन्या सर्व्हरचं झाकण उघडलं तेव्हा हीटसिंकच्या पात्यांत करड्या नमद्यासारखा थर बसला होता, पंखा फिरत होता पण हवा जात नव्हती. सर्व्हरची खोली माग शेडला लागून, मध्ये काचेचं पार्टिशन. बहुतेक टॉवर सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या पुढे, आणि शेड त्याहून गरम. त्या डिस्का मेल्या त्यात नवल ते काय!

नवी खोली ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर, मागांपासून लांब. लहान खोली, स्प्लिट एसी, आणि रॅक एसीच्या बरोबर खाली नाही, कारण एसी कधी ना कधी गळतोच. हवा आत येते तिथे धुता येणारी जाळी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शिपाई ती धुतो. ऑनलाइन यूपीएस, आणि तो यूएसबीने सर्व्हरला जोडलेला: बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की आधी व्हर्च्युअल मशीन नीट बंद, मग होस्ट. लाइट गेली की जनरेटर उचलतो, पण एसी जनरेटरवर नव्हता. तो घ्यायला लावला. या कामांचा खर्च हायपरव्हायझरच्या सगळ्या चर्चेपेक्षा जास्त उपयोगी पडला असं मला वाटतं.

सर्व्हर: एक प्रोसेसर, ८ कोअर, ६४ जीबी ईसीसी रॅम, चार एसएसडी. एसएसडी सर्व्हरसाठीच्या, म्हणजे वीज अचानक गेली तरी लिहायचं अर्धवट राहिलेलं पूर्ण करण्याइतकी ऊर्जा साठवणाऱ्या. गेमिंगच्या दुकानातली स्वस्त एसएसडी झेडएफएसखाली (डिस्का स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम) घातली तर डेटाबेस रांगायला लागतो, आणि लवकर झिजते. रेड कार्ड काढून डिस्का थेट झेडएफएसच्या हाती दिल्या, मिररच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीत दोन्ही डिस्कांवर तोच डेटा. रेड ५ चं नाव आता या कारखान्यात कुणी काढत नाही. डिस्क खराब झाली की ईमेल तीन जणांना जातो. पिवळ्या दिव्यावर विसंबायचं नाही.

हलवाहलव

२०२५ च्या दिवाळीत माग बंद होते, तेव्हा हलवलं. ईआरपीची व्हर्च्युअल मशीन मेमध्येच दुसऱ्या डिस्कांवर, जुन्याच ईएसएक्सआयवर कशीबशी उभी केलेली होती. प्रॉक्समॉक्स ८.२ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून, ईएसएक्सआयला स्टोरेज म्हणून जोडून तिथली मशीन थेट ओढून घ्यायची सोय आली आहे. ती वापरली. पण सोय असली तरी तयारी करावी लागते. व्हीएमवेअर टूल्स (मशीनच्या आत टाकलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर) आधीच काढून टाकायचे, नंतर ते निघता निघत नाहीत. जुने स्नॅपशॉट (मशीनची आधीची साठवलेली अवस्था) असतील तर पुसायचे, नाहीतर आयात फार हळू होते. आयपी पत्ता कागदावर लिहून ठेवायचा, कारण नवं नेटवर्क कार्ड दिसलं की विंडोज जुना पत्ता एका न दिसणाऱ्या कार्डाला चिकटवून ठेवतो आणि नव्याला द्यायला कुरकुर करतो. बूट बायोस होता की यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू होण्याच्या दोन पद्धती), तेच नव्यातही ठेवायचं.

डिस्कचा प्रकार पहिल्याच झटक्यात व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान प्रकार) केला तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतो, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळात नसतो. पहिल्यांदा साटा हा नेहमीचा प्रकार ठेवून सुरू करायचं, व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाकायचे, सोबत एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडून एकदा विंडोजला ओळखू द्यायची, मग खरी डिस्क तिकडे वळवायची. एवढं केलं की ईआरपी पहिल्याच प्रयत्नात उघडतं, आणि उघडलंही.

टॅलीचा जुना सर्व्हर जसाच्या तसा उचलला नाही. २०१२ आर२ ला नव्या घरात कशाला न्यायचं? नवं विंडोज सर्व्हर २०२२ घातलं, टॅलीचा परवाना जुन्या मशीनवरून सरेंडर करून नव्यात ॲक्टिव्हेट केला, डेटा फोल्डर कॉपी केला. दिवाणजींनी ट्रायल बॅलन्स जुन्यातून छापून आणला होता, नव्यातला शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवला. तोपर्यंत ते खुर्चीवरून उठले नाहीत.

एक गोष्ट आठवड्याभराने लक्षात आली. दर तासाला, घड्याळ लावल्यासारखं, ईआरपी काही सेकंद अडखळायचं. बॅकअप सर्व्हरच्या साठवणुकीच्या डिस्का फिरणाऱ्या, म्हणजे हळू. बॅकअप चालू असताना चालू मशीनला एखाद्या तुकड्यावर नवं लिहायचं असेल, तर आधी त्याची जुनी प्रत बॅकअपकडे पोचावी लागते, तोवर लिहिणं थांबतं. फ्लीसिंग नावाचा पर्याय आहे: ती जुनी प्रत आधी जवळच्या एसएसडीवर ठेवायची, बॅकअपकडे सावकाश जाऊ द्यायची. तो लावल्यावर अडखळणं थांबलं. क्यूईएमयूचा गेस्ट एजंटही (व्हर्च्युअल मशीनच्या आत बसून होस्टशी बोलणारं छोटं सॉफ्टवेअर) दोन्ही विंडोजमध्ये टाकलेला आहे, त्यामुळे प्रत काढण्याआधी विंडोजला सूचना जाते आणि एसक्यूएलचा डेटा अर्धवट अवस्थेत पकडला जात नाही. तरीही रोज रात्री एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप वेगळा निघतो, तो काढून टाकायचं काही कारण दिसलं नाही.

तालीम

नोव्हेंबरातल्या एका सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या समोर पहिल्या सर्व्हरची केबल काढली. धाकटे मालक कीबोर्डवर, मी मागे हात बांधून उभा. अट अशी होती की मी बोलायचं नाही. खोलीच्या दाराला मराठीत एक पान चिकटवलेलं आहे: ब्राउझरमध्ये कुठला पत्ता आणि ८००६ पोर्ट, कुठल्या नावावर क्लिक, कुठली प्रत निवडायची, लाइव्ह रिस्टोरची खूण कुठे, आणि ‘युनिक’ची खूण करायची नाही, कारण तिने नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलतो. ईआरपी अर्ध्या तासाच्या आत दुसऱ्या सर्व्हरवर उघडलं. सगळ्यात जास्त वेळ पासवर्ड शोधण्यात गेला.

टॅलीच्या परवान्याला मात्र दुसरं मशीन दिसलं आणि तो पुन्हा ॲक्टिव्हेट करावा लागला. परवाना मशीनशी बांधलेला असतो, हे अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे की त्याचा लॉगिन दिवाणजींच्या स्वतःच्या ईमेलवर होता आणि दिवाणजी त्या दिवशी लग्नाला अक्कलकोटला. फोनवर ओटीपी मागवून काम झालं. आता तो लॉगिन कंपनीच्या ईमेलवर आहे, आणि दाराच्या पानावर एक ओळ वाढली आहे.

धाकटे मालक अजून अधूनमधून क्लस्टरचा विषय काढतात. मी म्हणतो, तीन सर्व्हर आणि सांभाळायला एक पगारी माणूस घ्या, मी स्वतः बसवून देतो. त्यावर अण्णा हसतात.

बाकी राहिलेली कामं दोन. ईआरपीचं विंडोज २०१६ चं आहे, ते तसंच उचललं. नवा व्हॉल्यूम परवाना जुनी आवृत्ती चालवू देतो, म्हणून परवान्याची अडचण नाही. पण २०१६ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ ला संपतो. ईआरपीवाल्याने नव्या विंडोजवर चालेल असं तोंडी सांगितलं आहे, लेखी मागितलं आहे. दुसरं, ईआरपीचा डेटाबेस ८ जीबीच्या पुढे गेलाय. एसक्यूएल एक्स्प्रेसच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. जुन्या वर्षांचा डेटा वेगळा काढायचा की आवृत्ती बदलायची, हे मार्चअखेरची गडबड संपली की दिवाणजींबरोबर बसून ठरवायचं आहे.